शाळेत रक्त सांडल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

मैदानावर गुडघा फुटतो, मार्च-एप्रिलच्या उन्हात घोळणा फुटतो, कंपासचं टोक तळहातात घुसतं, पहिलीतलं पोर पडलेला दात मुठीत धरून रडत येतं. शाळेत रक्त दिसणं ही रोजचीच गोष्ट, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाई हाताला लागेल त्या रुमालाने पुसतात, मावशी फडकं फिरवतात आणि तास पुढे सुरू होतो. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी (हे दोन्ही यकृताला सूज आणणारे) आणि एचआयव्ही हे तीन विषाणू रक्तातून पसरतात. शाळेत त्यांची लागण होण्याची शक्यता कमी आहे हे खरंच. पण जी आहे ती प्रामुख्याने मावशी, शिपाई आणि खेळाच्या सरांच्या वाट्याला येते, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नेमकी हीच नावं नसतात.

‘ते’ मूल कोणतं, हे शोधत बसणं

‘आपल्या शाळेत कुणाला काही आहे का, तेवढं आम्हाला कळायला हवं,’ अशी मागणी शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. तिचा उपयोग शून्य. हेपॅटायटिस बी असलेल्या बहुतेकांना स्वतःलाच ते ठाऊक नसतं. शिवाय एचआयव्हीबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचं संरक्षण २०१७ च्या कायद्याने दिलेलं आहे. त्यामुळे नियम एकच: रक्त कुणाचंही असो, काळजी तीच. घाम, अश्रू, डबा वाटून खाणं, हातात हात घेणं यातून हे आजार पसरत नाहीत. तिथे अंतर राखणं म्हणजे मुलाचा निव्वळ अपमान.

एचआयव्हीची धास्ती, हेपॅटायटिस बीचा विसर

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. हेपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसाला ती ६ ते ३० टक्के. हा विषाणू बाकावर सुकलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो. त्याच्यावर उत्तम लस आहे: पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ती तान्हेपणीच मिळालेली असते, कारण २०११-१२ पासून ती देशभरच्या नियमित लसीकरणात आहे. त्याआधी जन्मलेल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना मिळालेली नसते. सगळ्यांची सोय एकदम होत नसेल, तर माझ्या मते रांगेत पहिल्या मावशी आणि शिपाई, मग खेळाचे सर. सफाईचं काम कंत्राटावर असेल तर ती माणसंही यात धरा. ‘ते ठेकेदाराचं बघणं’ म्हणून हात झटकू नका.

हातमोजे कपाटात, किल्ली क्लार्ककडे

प्रथमोपचार पेटीत आयोडीन असतं, कापूस असतो, मुदत संपलेलं मलम असतं, हातमोजे नसतात. असले तर कुलपात. दोन-दोन जोड्या प्रत्येक मजल्यावर, मैदानाच्या कोपऱ्यावर आणि मावशींच्या बादलीपाशी ठेवा. ऐनवेळी नसतीलच तर हातावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवा.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे मुलालाच कामाला लावणं. पाचवी-सहावीचं पोर स्वतःची जखम कापसाने दाबून धरू शकतं. घोळणा फुटला तर डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग त्यानेच दहा मिनिटं चिमटीत धरायचा. मान मागे करायची नाही, रक्त घशात उतरतं. रक्ताळलेल्या मोज्यांनीच फोन उचलणं, दाराची कडी काढणं टाळा. मोजे काढल्यावरही साबणाने हात धुवायचेच.

एकच फडकं सगळ्या वर्गांत

इथे सर्वाधिक चुकतं. जे फडकं पाचवी अ मध्ये रक्तावरून फिरलं, तेच बादलीत पिळून पाचवी ब मध्ये जातं. वर फिनेलचा वास आला की काम झाल्यासारखं वाटतं. रक्तासाठी फिनेलवर विसंबू नका. आधी मोजे घालून टाकाऊ कागदाने रक्त टिपून घ्या. तो कागद पिशवीत बांधून टाका. मग १ टक्का क्लोरीनचं द्रावण त्या जागेवर ओता, दहा मिनिटं राहू द्या आणि नंतर पुसा. एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, किंवा ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग, हे प्रमाण. द्रावण रोजचं रोज करा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर बहुधा निकामी झालेली असते. आणि हे द्रावण संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

फुटलेली काच, ब्लेडचा तुकडा हाताने उचलायचा नाही, मोजे असले तरी. सुपली आणि ब्रश वापरा. सॅनिटरी पॅडच्या डब्याला आत पिशवी हवी. ती दाबून जागा करू नये, तोंड बांधून सरळ उचलावी.

शिबिर संपलं, सुया राहिल्या

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस शाळेत टोचली जाते. रक्तगट तपासणी होते, आदिवासी भागातल्या आश्रमशाळांत बोट टोचून सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी होते. पथक निघून गेल्यावर केराच्या टोपलीत एखादी टोचणी सापडली, तर ती मावशींच्या बोटात जाणार. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लसीकरण शिबिरांना आणि शाळेच्या प्रथमोपचार खोलीलाही लागू आहेत. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत आणि तो डबा पथकाने सोबत नेला पाहिजे. पथकाची गाडी सुटण्याआधी मुख्याध्यापकांनी खोलीवर एक नजर टाकावी. एका मुलाची टोचणी दुसऱ्याला वापरताना दिसली तर काम तिथेच थांबवा. संकोच नको.

टोचलं, मग ‘सोमवारी बघू’

आपली पहिली सवय म्हणजे बोट तोंडात घालणं, दुसरी ते पिळणं, तिसरी हळद दाबणं. तिन्ही नकोत. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, बस्स. डोळ्यात उडालं तर नुसतं भरपूर पाणी.

त्यानंतर वेळेला महत्त्व. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर ती दिली जात नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत टोचलं आणि सोमवारपर्यंत थांबलं, तर त्यातले दोन दिवस गेलेच. जिल्हा रुग्णालय किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) गाठा. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. हेपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर पहिला डोस शक्यतो २४ तासांत घ्यावा, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का ते डॉक्टर ठरवतील. हेपॅटायटिस सीला लस नाही, पण गोळ्यांनी तो बरा होतो. म्हणून सांगितलेल्या तारखांना तपासणी चुकवू नका.

विशेष मुलांच्या शाळेत चावण्याचे प्रसंग येतात. कातडी फाटली नसेल तर साबण-पाणी पुरे. रक्त आलं असेल तर वरचीच पावलं उचला, आणि ज्याने चावलं त्याच्या तोंडात रक्त गेलं असेल तर त्याच्या पालकांनाही कळवा.

नोंदवहीत वेळ, जागा, काय टोचलं, काय केलं एवढंच लिहा. मुलाला कोणता आजार ‘असावा’ याचा अंदाज तिथे लिहू नका.