पोरांच्या पोटात जंत: गोळी कशी द्यायची आणि परत होऊ नयेत म्हणून काय करायचं

शाळेत जंताची गोळी वाटतात त्या दिवशी बऱ्याच घरी पोरांना मुद्दाम ठेवून घेतात, का तर मागच्या वेळी कुणाच्या तरी पोराला उलटी झाली. प्लीज असं करू नका. पोटात जंत जास्त असले की गोळीनंतर मळमळ, थोडं पोट दुखणं, एखादी उलटी होऊ शकते, सावलीत झोपवायचं, पाणी पाजायचं, बहुतेक पोरं थोड्या वेळात बरी होतात.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून चालू आहे, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास, अंगणवाडीत आणि शाळेत फुकट. गोळी अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. २ वर्षांच्या पुढे १९ पर्यंत अख्खी, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून पाण्यातून. मोठ्या पोरांनी चावून खायची, तशीच गिळायची नाही, घशात अडकू शकते. उपाशीपोटी द्यायची गरज नाही. आणि सरांनी, बाईंनी समोर उभं राहून खायला लावावी, दप्तरात घालून घरी पाठवू नये, कारण ती दप्तरातच राहते. पोरगं आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर त्या दिवशी देऊ नका, आठवडाभरात मॉप-अपचा, म्हणजे राहिलेल्या पोरांना गोळी द्यायचा दिवस असतो, तेव्हा आरोग्यसेविकेला विचारून द्या.

पण गोळी आज पोटात असलेले जंत काढते, उद्याचे नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते, ती संडासातून मातीत जातात, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि नखातून, न धुतलेल्या काकडी-गाजरातून परत तोंडात येतात. अंकुशकृमीचं तर वेगळंच, तो अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो, म्हणून पोरगं फिकट पडतं, धापा टाकतं, वर्गात पेंगतं. खालची पापणी ओढून बघा, पांढरट दिसली तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

म्हणून संडासला जाताना आणि शेतात चप्पल हवीच, खिचडीच्या आधी साबणाने हात (नुसतं पाणी नाही), आणि रविवारी नखं. गोड खाल्ल्याने जंत होतात हे मात्र खरं नाही, दात खाणं म्हणजे जंतच असंही नाही.

रात्री शीची जागा खाजवत असेल तर ते सुतासारखे बारीक पांढरे किडे असतात, ते घरात एकाकडून दुसऱ्याला होतात, मग डॉक्टरांना विचारून सगळ्या घराने एकदम औषध घ्यायचं, २ आठवड्यांनी परत एकदा, आणि चड्ड्या, चादरी गरम पाण्यात धुवायच्या.

पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत आणि शी-गॅस बंद झालाय असं दिसलं तर घरी वावडिंग देत बसू नका, जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.