सॉफ्ट लेन्स आणि हार्ड लेन्स : या चुका टाळा

जळगावात डोळ्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्स बसवून देताना मला सर्वांत जास्त झगडावे लागते ते ‘सॉफ्ट म्हणजे चांगली, हार्ड म्हणजे जुनाट’ या समजुतीशी. सॉफ्ट लेन्स साधारण १४ मिलिमीटर व्यासाची असते, पाणी धरून ठेवते आणि बुबुळावर लपेटून बसते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून सुखाची वाटते. आजची हार्ड लेन्स, म्हणजे आरजीपी (रिजिड गॅस परमिएबल), जेमतेम साडेनऊ मिलिमीटरची. ती अश्रूंच्या थरावर तरंगते, प्राणवायू आरपार जाऊ देते आणि आपला आकार सोडत नाही.

अमळनेरच्या एका विद्यार्थ्याला केराटोकोनस होता, म्हणजे बुबुळ शंकूसारखे पुढे आले होते. हार्ड लेन्स लावताच त्याने तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली. तरीही ‘दादा, टोचते’ म्हणत चौथ्या दिवशी त्याने ती काढून ठेवली आणि दुसरीकडून सॉफ्ट लेन्स घेतली. सहा महिन्यांनी तो परत आला, तेव्हा रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या दिसत होत्या. सॉफ्ट लेन्स त्या शंकूचाच आकार घेते; हार्ड लेन्सखालची पोकळी मात्र अश्रूंनी भरून निघते आणि प्रकाश नीट वळतो. हार्ड लेन्सची सवय व्हायला दोन आठवडे लागू शकतात. मी पहिले दोन तास रुग्णाला समोरच बसवून ठेवतो आणि पुढे रोज तासभर वाढवायला सांगतो. तेवढा धीर नसलेल्याला मी लेन्स देत नाही.

दुसरी चूक पाण्याची. आपल्याकडे अनेकदा नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाकीत साठवले जाते. अशा पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, आणि त्याने बुबुळाला झालेला संसर्ग महिनोन्‌महिने हटत नाही. सॉफ्ट लेन्स पाणी शोषून घेते, म्हणून तिला धोका अधिक. पण हार्ड लेन्सही नळाखाली धरू नये. लग्नाच्या गडबडीत सोल्यूशन, म्हणजे लेन्स धुण्याचे आणि बुडवून ठेवण्याचे द्रावण, संपले म्हणून घरी मीठपाणी करणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे : त्या दिवशी चष्मा लावा. मी स्वतः सोल्यूशनची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहितो.

मिरची निवडलेल्या हातांनी, ते साबणाने धुतले असले तरी, त्या दिवशी लेन्सला हात लावू नये. वाळून कडक झालेली सॉफ्ट लेन्स भिजवून पुन्हा वापरू नये. हार्ड लेन्सखाली धुळीचा कण गेला तर डोळा चोळू नये, लेन्स आधी काढावी; उन्हाळ्यात दुचाकीवर गॉगल हवाच.

डोळा लाल झाला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि लेन्स, डबी व सोल्यूशन न धुता सोबत न्यावे, कारण संसर्गाचे मूळ अनेकदा त्या डबीतच सापडते.