मॅरेथॉनचा हंगाम संपला, आता पोटऱ्या घडवा

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन संपते आणि फेब्रुवारी उजाडताच नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर बरीच मंडळी पुन्हा त्याच वेगाने पळू लागतात. हे टाळा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीवर एकही घड नसतो, पण पुढच्या हंगामाचे घड तेव्हा फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांतच ठरतात. फेब्रुवारी ते मे हे धावपटूचे तसेच महिने आहेत. दम टिकवायचा आणि शर्यतींच्या गडबडीत राहून जाते ती ताकद कमवायची.

शर्यतीनंतर ७ ते १० दिवस अजिबात पळू नका. चाला, हलकी सायकल चालवा. दम जाईल ही भीती नको. सुरुवातीला जे घटतं, त्यात रक्तातला पातळ भाग कमी होण्याचा वाटा मोठा असतो आणि सराव सुरू झाला की तो लवकर भरून येतो. पुढे हंगामातल्या सगळ्यात मोठ्या आठवड्याच्या निम्मं अंतर पुरे. तेव्हा ६० किलोमीटर होत असतील तर आता ३०, चार दिवसांत वाटून. वेग गप्पा मारता येतील इतकाच. एक वाक्य पूर्ण बोलताना मध्येच धाप लागली तर घड्याळ काहीही दाखवो, तुम्ही जोरात पळताय.

वाचलेला वेळ पोटऱ्यांना द्या. धावताना सगळ्यात जास्त राबतो तो पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू, आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. आधी तपासा: भिंतीला बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच पूर्ण उचला. सलग २५ वेळा जमायला हवं. बहुतेकांची टाच पंधराव्या वेळेलाच अर्धी उचलली जाते, तिथे मोजणं थांबवा.

व्यायाम आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवा, टाच हवेत. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत टाच पायरीखाली न्या. प्रत्येक पायाचे १२चे तीन सेट. मग तेच गुडघा थोडा वाकवून. सोलियसला खरं काम इथे मिळतं. तीन वेळा १५ सहज होऊ लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच लिटरचा पाण्याचा कॅन घाला, म्हणजे पाच किलो वाढले. घाईघाईत झटके देऊन केलं तर टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर, अकिलीज टेंडन) नुसतीच उसळते आणि स्नायू फुकट बसतो. त्याच दिवशी एक पाय मागे ठेवून बैठका, प्रत्येक पायावर ८चे तीन सेट, आणि दोन्ही कुशींवर ३० सेकंदांचा साइड प्लँक (कोपर आणि पाऊल टेकवून अंग सरळ धरायचं). बस्स.

अशा शिरा (टेंडन) स्नायूंपेक्षा हळू बळकट होतात. दुखणं सहसा चौथ्या-पाचव्या आठवड्यात, ताकद आल्यासारखं वाटून अंतर वाढवलं की सुरू होतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावलं बघा. टाचेमागे कालच्यापेक्षा जास्त ताठर वाटलं तर त्या दिवशी पळणं रद्द.

पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा घ्या, पण दमदार चालत. उतरताना पळू नका. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून पुढचे दोन दिवस जिना उतरणंही जड जातं. सहाव्या आठवड्यापासून रहदारी नसलेल्या चढावर १० सेकंदांच्या चार धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं चाल.

एप्रिल-मेमध्ये साडेपाचलाच निघा. पळण्याआधी आणि घाम पुसून नंतर वजन करा: घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. तेवढं पाणी दिवसभरात, मीठ घातलेल्या ताकाबरोबर किंवा लिंबू सरबताबरोबर भरून काढा. नुसतं पाणी एकदम ढोसू नका. याच काळात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि जेवणानंतर लगेच चहा नको. त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

पाऊस लागला की पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा लेणी सोडून सपाट रस्त्यावर या. जूनपासून अंतर हळूहळू वाढवा, दर चौथ्या आठवड्यात पुन्हा कमी करा. टेम्पो (सलग जोरात पळणं) आणि इंटरव्हलला (मध्ये विश्रांती घेत वेगाचे तुकडे) सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हात लावू नका. तिथून जानेवारीपर्यंत १८ आठवडे मिळतात. पोटऱ्यांचा व्यायाम मात्र तेव्हाही आठवड्यातून एकदा चालू ठेवा.