रात्रीच्या लाईटीपासून शहाण्णव ब्लॉकपर्यंत

आमच्याकडे शेतीला थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की वडील बॅटरी घेऊन कांदा भिजवायला निघायचे, आणि थंडीत हमखास डीपी उडालेली असायची. लाईट रात्रीच का देतात, हे इलेक्ट्रिकलच्या चार वर्षांत मी कुणाला विचारलंही नाही. उत्तर नोकरीत कळलं. या कामात यायचं तर काय तयारी करू, असं नवी मुलं विचारतात, त्यांच्यासाठी हे.

सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेचा अंदाज बांधणाऱ्या एका खासगी कंपनीत मी लागलो. उद्या कोणता प्रकल्प किती वीज देईल ते आज सांगायचं, एवढंच काम. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक, प्रत्येकाला एक आकडा. हे शेड्यूल ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे जातं, राज्यातली वीज आणि मागणी यांचा मेळ तिथे घालतात. बोलताना सगळे एसएलडीसीच म्हणतात. अंदाज मर्यादेबाहेर चुकला की प्रकल्पाला पैसे बसतात. राज्यात याचे नियम वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये केले.

दुसऱ्याच महिन्यात मी माती खाल्ली. एका प्रकल्पाची क्षमता ७० मेगावॅट धरली. ती पॅनेलची, म्हणजे डीसी. तिची ग्रिडला चालणारी एसी करणारे इन्व्हर्टर ५० च्या वर जातच नव्हते. भर दुपारी माझा आलेख डोंगरासारखा चढलेला आणि प्रत्यक्षातला पठारासारखा सपाट. सीनियरने दोन्ही एकावर एक ठेवले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. बोलला काहीच नाही. तेव्हापासून कुठलाही सौर प्रकल्प समोर आला की पहिला प्रश्न: एसी की डीसी?

नवी मुलं येतात ती मेगावॅट पाठ करून. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू वगैरे) वाटा निम्म्यावर पोचला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशाची होती, हे विचारलं की गाडी अडते. पॅनेल दिवसातले काही तास चालतं, कोळशाचा संच रात्रंदिवस. क्षमता आणि युनिट यांतला हा फरक पक्का नसेल तर मुलाखतीला जाऊच नका.

३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला भिडली. ती दुपारी, सौर भरात असताना. अवघड वेळ पुढे येते: सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात, आणि दुपारी खाली आणलेले कोळशाचे संच पटकन वर येत नाहीत. दुपारी ते फार खालीही नेता येत नाहीत. साधारण ५५ टक्क्यांवर थांबावं लागतं. म्हणून १९६० मेगावॅटच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाला एवढा मान. मिनिटांत वर येते. पण वीज करून पश्चिमेकडे सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीवर बांधलेलं, त्यामुळे ते जपूनच वापरायचं.

वडिलांच्या रात्रीच्या लाईटीचं कोडं इथेच सुटलं. रात्री बाकीची मागणी पडते, संच मात्र चालू ठेवायचे. मग पंप तेव्हा चालवा. आता सौरमुळे स्वस्त वीज दुपारची, म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पंप दिवसावर आणताहेत. आमचा फीडर, म्हणजे आमच्या शेतांना वीज देणारी लाईन, आला त्यात. वडील आता रात्री झोपतात, पण आभाळ भरलं की मलाच फोन करतात.

तयारीचं म्हणाल तर आधी एक्सेल, पायथन नंतर. देशाचं ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडियाचा रोजचा अहवाल महिनाभर नुसता वाचा, संध्याकाळची मागणी आणि जलविद्युत यांवर बोट ठेवून. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे घालवले, मागणी सुमारे ३१ गिगावॅटने कोसळली आणि ती जलविद्युतने कशी पेलली, हेही शोधून वाचा. माझ्या मते कॉलेजच्या एका सत्रापेक्षा त्यात जास्त आहे. रीतसर अभ्यासक्रम हवा असेल तर नागपूरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे.

आणि जून ते सप्टेंबर रजा मागू नका. वारा आणि ढग दोन्ही तेव्हाच अंगात येतात.