कार्डावर अनोळखी रक्कम? ब्लॉक करण्याआधी १.१८ ने भागा

महिन्याच्या पाच-सहा तारखेला स्टेटमेंट येतात आणि इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या जिन्यात वर्दळ सुरू होते. बँकेच्या कार्ड विभागात बावीस वर्षं काढली. निवृत्त होऊनही चार वर्षं झाली, पण शेजाऱ्यांच्या लेखी माझं काउंटर अजून उघडंच आहे. पूर्वी पेट्रोल पंपाच्या सरचार्जवरून भांडण असायचं. आता नोकरी-करिअरच्या साइटनं कापलेल्या पैशांवरून असतं. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्या घरात ही साइट कोणी वापरतच नाही हो!" वापरणारा बहुतेक वेळा घरातच असतो आणि त्या वेळी आत बसून पोह्यांवर शेव घालत असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी कार्ड ब्लॉक करायचं आणि मग चौकशी. यावर मी तावातावानं बोलतो, कारण ती एकदा माझ्याच सल्ल्यानं घडली आहे.

वरच्या मजल्यावरचे अण्णा एका सकाळी मोबाइल घेऊन खाली आले. क्रेडिट कार्डावर १,७६८.८२ रुपये, समोर कुठल्याशा करिअर प्लॅटफॉर्मचं नाव, देश भारताबाहेरचा. मी दूध आणायला निघालो होतो. चपला घालता घालता म्हणालो, "तुमचं नाही ना? मग करा ब्लॉक." बावीस वर्षांचा अनुभव आणि हा सल्ला! अण्णांनी दूध येण्याआधीच ॲपमध्ये कार्ड कायमचं बंद केलं, आणि 'हा व्यवहार मी केलेला नाही' यावर टिचकी मारून मोकळे झाले.

पुढच्या आठवड्यात विजेचं बिल थकलं, विम्याचा हप्ता परत गेला, कारण दोन्ही त्याच कार्डावर लावलेले होते. नवीन कार्ड यायला आठ दिवस लागले. त्यात पुण्याहून मुलीचा फोन आला: "बाबा, माझं खातंच बंद केलंय त्यांनी. दोन कंपन्यांचे इंटरव्ह्यूचे मेसेज आत अडकलेत." दिवाळीत घरी आली होती तेव्हा तिनं एक महिन्याची फुकट ट्रायल घेतली होती, बाबांच्या कार्डावर. महिना संपला, पैसे कापले गेले. बाबांनी फसवणूक म्हणून तक्रार केली, तेव्हा प्लॅटफॉर्मनं खातं रोखलं. बँकेनं तात्पुरते जमा केलेले पैसे परत काढून घेतले, कारण नोंदीत ओटीपी दिसत होता. तो ओटीपी अण्णांनीच फराळाच्या ताटावरून तिला मोठ्यानं वाचून दाखवला होता.

त्या दिवशी जिन्यात मी दोन मिनिटं थांबलो असतो, तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उत्तर मिळालं असतं. आपल्याकडे अशा सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. रक्कम १.१८ ने भागा. १,७६८.८२ भागिले १.१८ बरोबर १,४९९. असा दुकानाच्या पाटीवर शोभणारा आकडा निघाला की तो बहुधा कुठल्यातरी प्लॅनचा दर असतो, म्हणजे घरात कोणीतरी कधीतरी बटण दाबलेलं असतं. चोर सहसा जीएसटी धरून पैसे काढत नाही. व्यवहार डॉलरमध्ये झाला असेल तर मात्र हा भागाकार चालणार नाही. तिथे त्या दिवसाचा विनिमय दर लागतो, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. त्यामुळे दर महिन्याला पैशांत फरक दिसतो.

दुसरं, मेसेज वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावर दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची पूर्वसूचना किमान २४ तास आधी मिळते. व्यवस्था पहिल्यांदा लावताना ओटीपी लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी लागत नाही, आणि इथेच लोक फसतात: "ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?" असेच जातात. अण्णांच्या मोबाइलमध्येही ती सूचना होती, कर्जाच्या दोन जाहिराती आणि एका साडी सेलच्या मधोमध. न उघडलेली.

माझी दुसरी लाडकी चूक: ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं.

नाही संपलं. विजयनगरला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं ॲप काढलं, फोन बदलला, नंबरसुद्धा बदलला, आणि तीन महिने पैसे भरत राहिला. "मामा, ॲपच नाहीये तर ते कशाचे पैसे घेऊन राहिलेत?" अरे भिया, जिममध्ये जायचं सोडलंस म्हणून जिमवाला फी घ्यायचं सोडतो का?

इथे स्टेटमेंटवर कोणाचं नाव आलंय ते नीट बघा. गुगल किंवा ॲपलचं नाव असेल तर सदस्यत्व फोनमधल्या ॲपच्या दुकानातून घेतलेलं आहे, आणि ते तिथेच बंद करावं लागतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा आणि पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये शिरा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर आपलं नाव असतं, त्याच्या आत सबस्क्रिप्शन्स. प्लॅटफॉर्मचं स्वतःचं नाव असेल तर बहुतेक करून त्याच्या वेबसाइटवरून घेतलेलं असतं. लिंक्डइनसारख्या साइटवर सेटिंग्जमध्ये खरेदीचा इतिहास दिसतो, बिलं उतरवून घेता येतात. भाचा महिनाभर साइटवरच बटण शोधत होता आणि खरेदी होती प्ले स्टोअरची. दाराला कुलूप एक, किल्ली भलत्याच घराची.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

एकाच ईमेलमध्ये शोधणं. प्रत्येकाचे किमान दोन पत्ते असतात, एक कॉलेजच्या वेळचा नको त्या नावाचा. सगळ्यांत 'इन्व्हॉइस' आणि 'रिसीट' हे शब्द इंग्रजीत टाकून बघा. घरातल्या प्रत्येकाच्या.

दोन रुपये कापले गेले म्हणून घाबरणं. कार्ड चालू आहे का हे तपासायला अशी छोटी रक्कम अडवतात आणि सोडून देतात. मात्र तुम्ही कुठेच कार्ड टाकलेलं नसेल, तर त्या दोन रुपयांकडेही लक्ष द्या. चोरही कार्ड असंच चाचपतो.

एकाच महिन्यात तीन-चार वेळा, दर वेळी वेगळी रक्कम. हे सदस्यत्व नव्हे, ही जाहिरात. सियागंजातल्या एका व्यापाऱ्यानं हिशेबनिसासाठी नोकरीची जाहिरात टाकली, रोजचं बजेट ठरवलं, माणूस मिळाला, कामाला लागला, आणि जाहिरात चालूच. माणूस ठेवला की त्याच दिवशी जाहिरात बंद करा.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं. हे करू नका. बनावट नंबर वर आणून ठेवणारी माणसं टपूनच बसलेली असतात. हजार रुपये परत मिळवायला फोन करायचा, त्यांनी सांगितलेलं स्क्रीन दाखवायचं ॲप उतरवायचं आणि खातं रिकामं करून घ्यायचं. तक्रार साइटच्या आतूनच करा, बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो.

आता भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांचा लाडका शॉर्टकट. रीलमध्ये बघून येतात: ट्रायल घ्या आणि कार्डाची ऑनलाइन लिमिट शून्य करा, कॅन्सल करायची कटकटच नको. पैसे कापले जात नाहीत हे खरं. पण सदस्यत्व उघडंच राहतं, पेमेंट फेल झाल्याच्या मेलची रांग लागते, आणि दोन महिन्यांनी परीक्षेची फी भरायला लिमिट उघडली की तेवढ्यात हप्ता जाऊ शकतो. रद्द करायला दोन मिनिटं लागतात. ते दोन मिनिटांचं काम टाळण्यासाठी ही पोरं वीस मिनिटांचे तीन व्हिडिओ बघतात.

एवढं सगळं बघून झालं, घरात सगळ्यांना विचारलं, परगावच्या मुलांनाही फोन लावला आणि तरी काही सापडलं नाही, तर मात्र त्याच दिवशी हालचाल करा. माझी तपासणी अर्ध्या तासाची असते, अर्ध्या आठवड्याची नाही. शंका असेल तोवर ॲपमधून ऑनलाइन वापर तेवढा तात्पुरता बंद करून ठेवावा, तो पुन्हा चालू करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस झाले तर काही मर्यादेपर्यंत भुर्दंड, त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि ९० दिवसांत निकाल. ओटीपी तुम्हीच कोणाला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. फसवणूक उघड दिसत असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्या. स्क्रीनशॉट फोनबरोबर हरवतात.

माझ्या घरी आता ट्रायल घेणाऱ्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयात ती संपण्याच्या दोन दिवस आधीच्या चौकोनात लाल पेनानं फुली मारायची असते. सून हसते. फोनमध्ये रिमाइंडर असतो म्हणते. असेल, पण कालनिर्णयावरची फुली स्वाइप करून घालवता येत नाही.

अण्णा परवा पुन्हा खाली आले. या वेळी घाई नव्हती, हातात कॅल्क्युलेटर होता.

"भाऊ, ५८८.८२ कापलेत. भागून बघितलं, ४९९ येतात."

"मग?"

"मग काय, तुमच्या वहिनीला विचारून राहिलोय. ती म्हणते, चहा घ्या आधी."