मांजर व्याली आणि पोरगं खोक्यापासून हलेना, तर काय करायचं

घरात मांजर व्याली की लहान पोरं दिवसभर त्या खोक्यापाशी ठाण मांडून बसतात आणि आपण दिवसभर "हात नको लावू" ओरडत राहतो. त्याने काही होत नाही, आपण आंघोळीला गेलो की पिल्लू उचललं जातंच. त्यापेक्षा पोराला काम द्या.

पहिला आठवडा नुसतं बघायचं. सारखी वर्दळ, आवाज झाला की मनी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, मांजर सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही, आणि मग पिल्लं माळ्यावर नाहीतर शेजारच्यांच्या अडगळीत आणि इकडे पोराने रडून घर डोक्यावर घेतलेलं. म्हणून खोका शांत कोपऱ्यात ठेवा, आत जुनी सुती साडी, आणि पोराची चटई थोडी लांब. मनीचं पाणी बदलायचं, खाणं ठेवायचं हे त्याचं काम, पाजणाऱ्या मांजरीला भूक फार लागते. पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १०-१५ ग्रॅम वाढतं, तर किचनच्या काट्यावर वजन तुम्ही करा, आकडा त्याला लिहू दे. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात, तेही त्यालाच आधी दिसेल बघा.

दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र हातात द्या, कारण २ ते ७ आठवड्यांत माणसांचा हात लागलेली पिल्लं चांगली माणसाळतात. हात धुवून, जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन, पाचेक मिनिटं बस. मनी शेपटी आपटायला लागली किंवा कान मागे गेले की लगेच खाली ठेवायचं, हे पोरांना छान कळतं. वाटीतून गाईचं दूध पाजायचं नाही, जुलाब होतात.

नख किंवा दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे न्या, रेबीजचा प्रश्न आहे. ओरडलात तर पुढच्या वेळी पोरगं लपवेल, म्हणून ओरडू नका.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, पिल्लं देणं. पोरगं शाळेत गेल्यावर गुपचूप देऊन "पळून गेलं" सांगू नका प्लीज, ते रोज संध्याकाळी हाका मारत फिरेल. सगळी आपल्याकडे राहणार नाहीत हे पहिल्या आठवड्यापासूनच सांगत राहा. ८ आठवड्यांआधी द्यायची नाहीतच, १०-१२ झाले तर उत्तम. घर बघायला त्याला बरोबर न्या, पिल्लू त्याच्याच हाताने देऊ दे, सोबत खोक्यातलं फडकंही द्या, आईचा वास राहतो. रडलं तर रडू दे, मनीपण दोनचार दिवस घरभर ओरडत शोधते, दोघांना जवळ घेऊन बसा.

आणि दूध तुटलं की मनीचं ऑपरेशन करून घ्या, तोवर बोक्याला लांब ठेवा, पाजत असतानाही ती परत गाभण राहू शकते.