ऑफिस सुटतं पण काम सुटत नाही, त्यांच्यासाठी

मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं, वेळच मिळत नाही. मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होते. मग एकदा चिडून आठवडाभर वहीत वेळा लिहून काढल्या आणि तेव्हा कळलं की नेमकं काय होतंय. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा, नोकरी आणि घर यांचा बॅलन्स साधायच्या बाकी टिप्स नंतर. रोज पाच वेळा लिहायच्या, घरातून कधी निघालो, ऑफिसात कधी पोचलो, तिथून कधी निघालो, घरात पाय कधी ठेवला आणि पाचवी, जी कुणी मोजत नाही, रात्री ऑफिसचा शेवटचा मेसेज किती वाजता बघितला.

आता हिशोब बघा. झोप ७ तास धरा, ऑफिस जेवणाच्या सुट्टीसकट ९, जाण्यायेण्याचे ३, आणि आंघोळ, स्वयंपाक, भांडी, कपडे, बिलं वगैरे मिळून अजून ३. झाले २२. म्हणजे कामाच्या दिवशी तुमचे म्हणावेत असे उरतात फक्त दोन तास, त्यातच मुलं, आईवडील, मित्र, व्यायाम, वाचन, नुसतं शांत बसणं, सगळं बसवायचंय! मग संध्याकाळी उशिरा लागलेला एक तासाचा कॉल आपल्याला "एकच तर तास" वाटतो पण तो दिवसाचं अर्धं आयुष्य खाऊन जातो. मला हे कागदावर दिसलं तेव्हा खरंच पोटात कालवलं. त्यामुळे मी सगळा जोर या दोन तासांवर लावते, ते वाचवायचे आणि जमलं तर अडीच करायचे.

पहिला हात प्रवासाला घाला. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळात सरासरी रोज साधारण तासभर प्रवासात घालवत आलाय, साधनं वेगवान झाली की तो लांब राहायला जातो पण तास तेवढाच. आपण तीन तास घालवतो आणि वर थकलो की स्वतःलाच दोष देतो. घर बदलणं सगळ्यांच्या हातात नसतं हे मान्य, पण वेळ बदलणं बऱ्याच जणांच्या हातात असतं आणि ते विचारलंच जात नाही. रस्ता भरत आला की थोड्याशा जास्त गाड्यांनीही सगळं तुंबतं, म्हणून गर्दीच्या अर्धा तास आधी निघालात तर नुसता अर्धा तास सरकत नाही, प्रवासच छोटा होतो. साहेबांकडे जाताना "खूप दमायला होतं" असं मोघम सांगू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. सरळ म्हणा, महिनाभर मी ८ ते ५ येऊन बघते, कामात फरक पडला तर परत जुनी वेळ. महिनाभराची ट्रायल म्हटल्यावर होकार मिळणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दिवस बंद करणं. मी एका ठिकाणी होते तिथे साडेसातच्या आधी कुणी उठायचंच नाही, माझ्या वहीत दिसलं की साडेसहानंतर मी काम करतच नव्हते, नुसती इतर लोक उठायची वाट बघत बसायचे. रोज एक तास! तेव्हा ठरवलं की निघायची वेळ सकाळीच ठरवायची आणि टीमला सकाळीच सांगायची, "आज मी साडेसहाला निघणारे, काही हवं असेल तर पाचपर्यंत सांगा". संध्याकाळी सांगितलं की ते पळून जाणं वाटतं, सकाळी सांगितलं की प्लॅनिंग वाटतं, लोकही मग खरंच पाचच्या आत विचारायला येतात.

निघण्याआधीची १५ मिनिटं मात्र कामाला द्यायची नाहीत, कागदाला द्यायची. काय अर्धवट राहिलं, उद्या किती वाजता ते हातात घेणार, पहिली पायरी काय, एवढंच लिहायचं. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच यावर लिहिलं होतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे ठरवून टाकलं की डोकं त्याची पकड बऱ्यापैकी सोडतं. मला तरी याने जेवढी मदत झाली तेवढी कुठल्या अॅपने नाही झाली. घरून काम करत असाल तर अजूनच गरज आहे, कारण तुम्हाला मध्ये रस्ताच नसतो, लॅपटॉप मिटला की त्याच खोलीत घर सुरू. लॅपटॉप कपाटात ठेवा, चपला घाला, १५-२० मिनिटं बाहेर चालून या आणि मग "घरी या". वेडेपणा वाटेल पण करून बघा.

फोनचं थोडक्यात. ऑफिसच्या ग्रुपचे नोटिफिकेशन बंद आणि सगळ्यांना एकच नियम सांगून ठेवायचा, तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज मी सकाळी बघेन. मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायला माणूस दोनदा विचार करतो, त्यामुळे खरं तातडीचं तेवढंच येतं. यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर ऑफिसचे मेसेज न बघण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं कायद्याने भाग आहे, ऑस्ट्रेलियातही २०२४ मध्ये असा हक्क आला, म्हणजे हा फक्त तुमचा हट्ट नाहीये.

झोपेचं मला फार वाटतं. रात्री सगळे झोपल्यावर आपण फोन घेऊन एक-एक वाजेपर्यंत पडून राहतो ना, ते आळसामुळे नसतं, दिवसभरात स्वतःचा असा वेळ तेवढाच मिळतो म्हणून असतं. मग "लवकर झोप" असं स्वतःला बजावून काही होत नाही. घरी आल्या-आल्या, कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी, २० मिनिटं फक्त स्वतःची घ्या, घरच्यांना सांगून घ्या, रात्रीची ती ओढ हळूहळू कमी होते. आणि दुपारनंतरची कॉफी सोडा, कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास जातात. व्यायामाला वेगळा तास मिळणार नाहीये तर एक स्टॉप आधी उतरून चाला, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं झालं तरी खूप झालं.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. घरातल्या एकाचा बॅलन्स दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असेल तर तो बॅलन्स नव्हे. नवरा संध्याकाळी जिमला जातो आणि बायको ऑफिसातून येऊन थेट ओट्यापाशी, असं चालू असेल तर आधी वरच्या त्या घरकामाच्या तीन तासांची वाटणी करा, आणि त्यात लक्षात ठेवायची कामंही लिहा, औषधं संपली का, फी कधी भरायची, कुणाला फोन करायचा राहिला. आमच्या घरी ही यादी केली तेव्हा दोघंही गप्प झालो होतो, मग वाटणी बदलली.

आणि हे सगळं करूनही सकाळी उठवत नसेल, कामाबद्दल नुसता तिटकारा वाटत असेल, आपल्याला काही जमतच नाही असं सतत वाटत असेल तर टिप्स बाजूला ठेवा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना थकवा, कामापासून तुटलेपण आणि कामगिरी खालावणं या तीनच गोष्टी सांगितल्यात. तासांचंही तसंच. २०२१ मध्ये याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. तुमची वही ५५ दाखवत असेल तर काम कमी करून घ्या किंवा दुसरीकडे बघायला लागा, त्याला सकाळचं ध्यान पुरणार नाही. ज्यांची शिफ्ट दुसरं कुणी ठरवतं त्यांच्या हातात यातलं कमी आहे हे मला माहितीये, त्यांनी निदान ड्युटीचं वेळापत्रक आधी मिळावं एवढं तरी मिळून मागावं, एकट्याने नको.

सुरुवात सोमवारी करू नका, त्या दिवशी सगळंच अंगावर येतं. मंगळवारी वही काढा आणि पहिला आठवडा फक्त वेळा लिहा, काही बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात एकच संध्याकाळ निवडा, बुधवार चालेल, त्या दिवशी भेटायला कुणाला तरी आधीच हो म्हणून ठेवा, समोर माणूस वाट बघत असला की निघायला जमतं.